पोटातील अदृश्य वस्ती

थंडीच्या दिवसांत घरातील एखाद्या मुलाला साथीचा ताप येतो आणि चार-पाच दिवसांत उतरतोही. कपाळाला हात लावला तर ते गार लागते. परंतु मुलाला भूक नसते, पोट बिघडलेले असते, आणि विहिरीपर्यंत जाऊन आले तरी त्याला धाप लागते. ताप गेला, मग हा अशक्तपणा कशाचा? विषाणूंशी झुंजताना शरीराची पुष्कळ शक्ती खर्ची पडते, हे खरेच आहे; पण उत्तराचा काही भाग मोठ्या आतड्यात दडलेला आहे.

माणसाच्या शरीरात सुमारे अडतीस लक्ष कोटी जिवाणू राहतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये केला. शरीराच्या स्वतःच्या पेशीही साधारण तितक्याच भरतात. त्यांपैकी बहुतेक जिवाणूंचे ठिकाण मोठे आतडे हेच होय. एवढी ही प्रचंड वस्ती, पण तिचे वजन अवघे दोनशे ग्रॅमच्या आसपास! हे रहिवासी फुकट राहत नाहीत. धान्याचा, डाळींचा व भाजीपाल्याचा जो चोथा आपल्या पाचकरसांना पचवता येत नाही, तो ते आंबवितात. त्यातून काही सौम्य आम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य अन्न आहे. अस्तर धडधाकट असले म्हणजे अपायकारक जंतूंना रक्तात शिरण्यास वाट मिळत नाही. शिवाय, शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींना सज्ज ठेवण्याचे कामही याच वस्तीकडे असते. अमेरिकेतील येल विद्यापीठात २०११ मध्ये काही उंदरांना औषधे देऊन त्यांच्या आतड्यांतील जिवाणू कमी करण्यात आले, तेव्हा इन्फ्लुएंझाच्या विषाणूंशी लढण्याची त्या उंदरांची शक्ती मंदावलेली दिसली.

आजारात या वस्तीची वाताहत होते. रोगी जेवत नाही, त्यामुळे जिवाणूंचीही उपासमार होते. कोरोनाच्या साथीत हाँगकाँग येथील संशोधकांनी रुग्णांची तपासणी केली. शरीरातून विषाणू नाहीसे झाल्यानंतरही कित्येक जणांच्या आतड्यांत उपयुक्त जिवाणूंची संख्या कमीच होती, असे त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले.

येथेच पुष्कळांच्या हातून एक घोटाळा होतो. ताप आला की घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या वैद्याला न विचारता घेतल्या जातात. ही औषधे जिवाणूंची भित्ती फोडतात किंवा त्यांची वाढ रोखतात. विषाणूंना तशी भित्तीच नसते, म्हणून त्यांच्यावर या गोळ्यांचा काहीही परिणाम होत नाही. मार बसतो तो मात्र आतड्यातील निरपराध रहिवाशांना. डेन्मार्कमध्ये बारा निरोगी तरुणांना चार दिवस तीन तीव्र प्रतिजैविके देऊन पाहण्यात आले. त्यांच्या आतड्यांतील वस्ती बव्हंशी पूर्ववत होण्यास दीड महिना लागला, आणि काही जाती तर सहा महिन्यांनंतरही आढळल्या नाहीत. हा अहवाल २०१८ चा आहे. अर्थात, तापाबरोबर जिवाणूंचाही संसर्ग झाला असेल, तर डॉक्टर हीच औषधे देतात, आणि तेव्हा ती सांगितल्याप्रमाणे घ्यावीच लागतात. अशा औषधांच्या पाकिटावर उभी तांबडी रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे.

उजाडलेली वस्ती पुन्हा वसण्यास अन्न हवे. प्रथम पेज, मऊ भात, वरण असे हलके पदार्थ द्यावेत. जुलाब होत असतील तर मीठ-साखरेचे पाणी पाजावे. भूक परतली की ताक, भाकरी, उसळ व पालेभाजी हळूहळू वाढवावी. ताकातील जिवाणू आंबवण्याच्या कामातलेच आहेत. परंतु ते पाहुण्यासारखे येतात आणि बहुधा निघून जातात. मूळच्या रहिवाशांना पोसतो तो चोथाच.

या बाबतीत धाराशिव जिल्ह्याचे ताट मोठे समृद्ध आहे. ज्वारी, तूर व हरभरा ही तर इथल्या शिवारातलीच पिके. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, धाराशिव व लातूर जिल्ह्यांतील घरेच्या घरे शेतात जातात. ज्वारी व ताक यांपासून केलेली आंबट आंबील मडक्यांतून नेलेली असते आणि जोडीला हिरव्या शेंगांचे दाणे व पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी असते. प्रीव्होटेला या नावाचे जिवाणू वनस्पतींचा चोथा खाऊन वाढतात. भारतीयांच्या आतड्यांत ते विपुल असतात, असे पुण्यातील संशोधकांना २०१६ मध्ये आढळले. येळवशीच्या दिवशी कडब्याच्या कोपीपाशी पंगत बसते, तेव्हा जेवणाऱ्यांबरोबर त्यांचीही पंगत बसलेली असते.