बाळाचा रंग आणि त्वचेची निगा

श्रोतेहो, अंबड असो, भोकरदन असो की परतूर, घरात लेकरू जन्मलं की बघायला आलेल्या बाया आधी विचारतात, "रंग कोणावर गेलाय?" या प्रश्नाची एवढी घाई नको. जन्मल्यावर बाळ लालसर दिसते. त्याचा खरा रंग ठरायला काही महिने लागतात. कातडीतले रंगद्रव्य आईबापाकडून आलेल्या गुणांप्रमाणे हळूहळू वाढते आणि ते सगळीकडे सारखे नसते. म्हणून कानाच्या पाळ्या, नखांची मुळे काळपट आणि गाल उजळ दिसले, तरी तो रोग नव्हे.

कधी कंबरेवर किंवा ढुंगणावर निळसर डाग असतो. कोणी म्हणते मार लागला, कोणी म्हणते ग्रहणाचा डाग. तसे काही नाही. रंगाच्या पेशी कातडीच्या खोल थरात राहिल्या, की डाग निळा दिसतो. बहुधा काही वर्षांत तो आपोआप पुसट होतो. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाचे हातपायही निळसर असू शकतात. पण ओठ किंवा जीभ निळी पडली, तर क्षणभरही थांबू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा.

आता पिवळेपणाचे पाहू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळांना थोडी कावीळ दिसते आणि अंगावर पाजत राहिले की बहुतेकांची ती ओसरते. मात्र पहिल्याच दिवशी पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा लेकरू सुस्त पडून दूध ओढीना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ही कावीळ फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होते. दवाखान्यात निळ्या प्रकाशाखाली ठेवून ती उतरवता येते. कोवळ्या उन्हावर विसंबून दिवस घालवू नये.

सावळ्या अंगावर पिवळेपणा चटकन कळत नाही. त्यासाठी दिवसाच्या उजेडात डोळ्यांचे पांढरे, हिरड्या आणि तळवे पाहावेत. आता सांगा, हळद-बेसन चोळलेल्या अंगावर कावीळ ओळखायची कशी? शिवाय चोळल्याने रंग उजळत नाही. नाजूक कातडी मात्र सोलवटते. गोरेपणाची मलमेही नकोत.

मग निगा कशी राखावी? पहिली अंघोळ २४ तासांनंतर घालावी. अंगावरचा पांढरा थर खरवडू नये. पाणी कोमट असावे. खोबरेल तेल हलक्या हाताने लावावे. मान, काख, जांघेतल्या घड्या कोरड्या कराव्यात. उन्हाळ्यात सैल सुती झबले घालावे. कापूस वेचायला जाताना झाडाला झोळी बांधली, तर सावली सरकते हे ध्यानात ठेवावे.

प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्यासमोर बाळाला उघडे करून सगळे अंग दाखवा. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पालकसभेत एवढे अवश्य सांगा: घरच्यांनी बाळाचा रंग पाहावा, पण तो गोरा की काळा यासाठी नव्हे, निळा की पिवळा यासाठी.