दात सरळ करायचे, पण कधी?

आठ वर्षांच्या मुलाचे पुढचे दात वेडेवाकडे येऊ लागले, की घरात दोन मते पडतात. आजी म्हणते, ‘सगळे दात येऊ देत, आपोआप जागेवर बसतील.’ आईला वाटते, आत्ताच तारा लावून घ्याव्यात. दोघीही काही वेळा बरोबर असतात आणि काही वेळा चुकतात. कारण वेड्यावाकड्या दिसणाऱ्या दातांमागे दोन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक तर दातांची जागा चुकलेली असते, नाहीतर जबड्याची वाढ कमी-जास्त झालेली असते. दात कोणत्याही वयात सरकवता येतात. जबड्याच्या वाढीला मात्र ती चालू असतानाच वळण लावता येते. ती वेळ हुकली, की पुढे शस्त्रक्रिया किंवा तडजोड एवढेच उरते. म्हणून ‘तारा कोणत्या लावायच्या’ या प्रश्नाआधी ‘कधी दाखवायचे’ हा प्रश्न येतो.

दात सरकतो कसा?

दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. दातावर हलका पण सतत दाब दिला, की ज्या बाजूला दात ढकलला जातो त्या बाजूचे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. दुसऱ्या बाजूला, जिथे तंतू ताणले जातात, तिथे नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जोर वाढवला म्हणून तो लवकर सरकत नाही. उलट जास्त दाबाने तिथला रक्तपुरवठा अडतो, दुखणे वाढते आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोका निर्माण होतो. पूर्ण उपचाराला बहुतेकदा दीड ते दोन वर्षे लागतात, ती यामुळेच. ‘सहा महिन्यांवर लग्न आले आहे, तेवढ्यात दात आत घ्या’ अशी मागणी घेऊन येणारी कुटुंबे कमी नाहीत. त्यांना हे गणित आधी समजले, तर घाईचे उपचार टळतील.

सातव्या वर्षी एकदा तपासणी

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेचा सल्ला असा, की मुलाची पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिल्या कायमच्या दाढा येतात, पाठोपाठ पुढचे दात बदलू लागतात, आणि दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात याचा अंदाज येतो. तपासणी म्हणजे लगेच तारा नव्हेत. बहुतेक मुलांच्या बाबतीत ‘सध्या फक्त लक्ष ठेवू’ हेच उत्तर मिळते. आठ ते अकरा या वयात वरच्या दोन मोठ्या दातांमध्ये फट दिसते, दात पंख्यासारखे पसरलेले वाटतात. सुळे खाली उतरले की ही फट पुष्कळदा आपोआप मिटते. इथे आजीचे म्हणणे खरे ठरते.

काही बाबतीत मात्र थांबणे महागात पडते. पहिली म्हणजे उलटा चावा. तोंड मिटल्यावर खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत असतील आणि त्याचे कारण वरच्या जबड्याची अपुरी वाढ हे असेल, तर चेहऱ्यावर लावायच्या एका उपकरणाने, म्हणजे फेसमास्कने, तो जबडा पुढे ओढता येतो. हा उपाय दहाव्या वर्षाच्या आत सर्वात चांगला लागू पडतो.

दुसरी बाब अरुंद टाळूची. वरचा जबडा अरुंद असला, की एका बाजूच्या दाढा उलट्या बसतात आणि मूल चावताना खालचा जबडा बाजूला सरकवते. टाळूच्या मधोमध हाडांचा सांधा असतो. तो पौगंडावस्थेत हळूहळू घट्ट होत जातो. त्याआधी टाळू रुंद करणे सोपे असते.

तिसरी बाब दुधाच्या दाढांची. ‘दुधाचाच दात आहे, पडणारच आहे’ म्हणून किडलेली दाढ काढून टाकली जाते. पण या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत कायमच्या दातांची जागा राखून असतात. ती जागा गेली, की मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणारा दात अडकतो. अशा वेळी जागा राखणारी एक साधी तारेची कडी बसवली, तर पुढचा मोठा उपचार टळू शकतो.

अंगठा चोखण्याची सवय कायमचे पुढचे दात येण्यापूर्वी सुटावी. मूल सतत तोंडाने श्वास घेत असेल, झोपेत घोरत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण नाकामागच्या वाढलेल्या गाठी हे त्याचे कारण असू शकते. दहाव्या वर्षी वरच्या सुळ्यांचा उंचवटा हिरडीवर बोटाला जाणवायला हवा. तो लागत नसेल, तर एक्स-रे काढावा. सुळा आडवा अडकला असेल आणि हे वेळीच समजले, तर नुसता दुधाचा सुळा काढल्याने तो अनेकदा वाटेवर येतो.

वयात येण्याच्या काळाचा उपयोग

आपल्याकडे सर्रास दिसणारी तक्रार म्हणजे वरचे दात पुढे असणे. त्यामागे बऱ्याचदा खालचा जबडा मागे राहिलेला असतो. अशा मुलांसाठी ‘ट्विन ब्लॉक’ हे उपकरण वापरतात. ते स्कॉटलंडमधील विल्यम क्लार्क यांनी तयार केले. वर आणि खाली उतरत्या कडांचे दोन प्लॅस्टिकचे ठोकळे असतात. तोंड मिटले, की खालचा जबडा पुढे येऊनच बसतो. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात हे उपकरण लावले, तर फायदा जास्त. मुलींमध्ये हा काळ मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी येतो. पाळी सुरू झाली असेल, तर सर्वात वेगवान वाढीचा काळ बहुधा मागे पडलेला असतो. म्हणून ‘दहावीची परीक्षा झाली की बघू’ हा बेत मुलींच्या बाबतीत विशेषतः उशिराचा ठरतो. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांचा आकार पाहून वाढ किती शिल्लक आहे, याचा अंदाज तज्ज्ञ घेतात.

याचा अर्थ जितके लवकर तितके चांगले, असाही नाही. पुढे आलेल्या दातांवर आठव्या-नवव्या वर्षी उपचार सुरू केलेली आणि बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू केलेली मुले यांची तुलना कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात केली आहे. शेवटचा परिणाम जवळपास सारखाच आढळला. लवकर सुरुवात केलेल्यांमध्ये फायदा दिसला तो एकच, पडून-धडपडून पुढचे दात तुटण्याचे प्रमाण कमी झाले. त्यामुळे दात खूपच पुढे असतील, मूल खेळकर असेल किंवा शाळेत चिडवले जाऊन कोमेजत असेल, तर लवकर सुरुवात योग्य. एरवी वाट पाहता येते.

तारा, सिरॅमिक की अलाइनर?

कायमचे दात आले, की पर्याय वाढतात. दातांवर चिकटवायच्या धातूच्या ब्रॅकेटमध्ये तार ओवणे, ही सर्वात जुनी, स्वस्त आणि जवळजवळ सर्व प्रकारच्या बिघाडांत चालणारी पद्धत. सिरॅमिकचे ब्रॅकेट दाताच्या रंगाचे असतात, म्हणून कमी दिसतात, पण ते ठिसूळ असतात. दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या तारा बाहेरून दिसत नाहीत, मात्र सुरुवातीला जिभेला टोचतात आणि खर्च बराच वाढतो. रबराशिवाय तार धरून ठेवणारे ब्रॅकेट ‘लवकर दात सरळ करतात’ अशी जाहिरात होते. प्रत्यक्ष अभ्यासांत उपचाराचा काळ त्यामुळे फारसा कमी झालेला दिसत नाही.

तारा असताना चिक्की, ऊस, कणीस, कडक पेरू, सुपारी यांना सुट्टी द्यावी लागते. नाहीतर ब्रॅकेट निघतात आणि उपचार लांबतो. त्याहून महत्त्वाची स्वच्छता. ब्रॅकेटभोवती अन्न अडकून राहिले, तर दातांवर पांढरे डाग पडतात आणि तारा काढल्यावर तेच ठळक दिसतात. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने प्रत्येक जेवणानंतर दात घासणे, हा त्यावरचा उपाय. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावांत मात्र पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या डागाळलेल्या दातांवर ब्रॅकेट नीट चिकटत नाहीत. हे आधी सांगितले, तर डॉक्टर चिकटवण्याची पद्धत बदलू शकतात.

पारदर्शक अलाइनरचा काळ सुरू झाला तो अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी १९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झाल्यानंतर. दातांच्या संगणकीय प्रतिकृतीवरून एकामागून एक साचे तयार होतात. प्रत्येक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि एक-दोन आठवड्यांनी बदलला जातो. खाताना तो काढता येतो, हा मोठा फायदा. पण दिवसातले २२ तास तो तोंडात असायला हवा. खिशात ठेवलेला साचा दात सरळ करत नाही. थोडी दाटी, फटी, सौम्य बिघाड यांसाठी अलाइनर उत्तम. दात खूप फिरलेले असतील किंवा उपदाढा काढून मोठी जागा भरायची असेल, तर तारांचे नियंत्रण बहुधा अधिक चांगले.

दंतवैद्याकडे न जाता घरपोच मिळणाऱ्या अलाइनरपासून मात्र सावध राहावे. हिरड्यांचा आजार, अडकलेला दात, आखूड मुळे या गोष्टी मोबाइलवरच्या फोटोत दिसत नाहीत. अमेरिकेत अशी सेवा देणारी स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्धवट उपचारातले ग्राहक वाऱ्यावर सुटले.

दात काढावे लागणार म्हटले, की पालक घाबरतात. दाढ काढली की नजर कमी होते, ही समजूत अजून घराघरांत आहे. तिला काहीही आधार नाही. डोळ्यांच्या आणि दातांच्या नसांचे काम वेगवेगळे असते. दात मोठे आणि जबडा लहान असेल, तर चार निरोगी उपदाढा काढण्याचा निर्णय योग्य असू शकतो. मात्र तो एक्स-रे आणि मोजमापे पाहून व्हायला हवा.

चाळिशीनंतर

निरोगी हिरड्या असतील, तर चाळीस-पन्नाशीतही दात सरळ होतात. पण याच वयात पुढच्या दातांमध्ये नव्याने फट पडू लागली, तर ती आधी हिरड्यांच्या आजाराची खूण समजावी. हाड झिजले, की दात जागा सोडतात. तो आजार आटोक्यात न आणता तारा लावल्या, तर दात अधिकच सैल होतात. मिश्री आणि तंबाखूची सवय, तसेच ताब्यात नसलेला मधुमेह यांमुळे हा धोका वाढतो. गुटखा किंवा सुपारीमुळे तोंड कमी उघडत असेल, तर आधी त्याची तपासणी हवी, कारण तो कर्करोगाआधीचा आजार असू शकतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. त्यांतील काही औषधांमुळे दात सरकणे मंदावते आणि दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. बसवलेला इम्प्लांट नंतर सरकत नाही. म्हणून आधी दात सरळ करायचे आणि मग इम्प्लांट, असा क्रम बहुधा ठेवतात.

जबड्यातला फरक मोठा असेल, तर वाढ पूर्ण थांबल्यावर तारा आणि शस्त्रक्रिया असा एकत्रित उपचार करतात. फरक मध्यम असेल, तर नुसते दात सरकवून तो झाकता येतो. चेहऱ्याची ठेवण मात्र तशीच राहते. हे आधी स्पष्ट समजून घ्यावे.

तारा निघाल्यावर

सर्वात जास्त निराशा होते ती इथे. हिरड्यांतले तंतू दातांना जुन्या जागी ओढत राहतात, शिवाय वयानुसारही खालच्या दातांची दाटी वाढते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाने उपचार घेतलेल्यांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. रिटेनर वापरणे थांबवल्यानंतर दहा वर्षांनी बहुसंख्यांच्या खालच्या पुढच्या दातांत पुन्हा दाटी आलेली आढळली. दोष मात्र अक्कलदाढांना दिला जातो. त्यांच्यामुळेच पुढचे दात वाकडे होतात, असा ठोस पुरावा नाही. म्हणून रात्रीचा रिटेनर किंवा दातांमागची बारीक तार जितकी वर्षे वापराल, तितकी वर्षे दात सरळ राहतील, असे साधे गणित धरून चालावे. रिटेनर कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नये. बहुतेक रिटेनर तिथूनच कचऱ्यात जातात.

उपचारासाठी दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षांचे ऑर्थोडॉन्टिक्सचे शिक्षण घेतलेले तज्ज्ञ पाहावेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय इथे हे उपचार खासगी दवाखान्यांपेक्षा बऱ्याच कमी खर्चात होतात. गर्दीमुळे वाट पाहावी लागते, म्हणून नाव लवकर नोंदवावे. सुरुवात करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. बिघाड दातांचा आहे की जबड्याचा? आत्ता सुरू केले नाही, तर काय बिघडेल? दात काढावे लागतील का, आणि का? नंतर रिटेनर कोणता आणि त्याचा खर्च किती? या चार प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, की धातू, सिरॅमिक की अलाइनर हे ठरवणे फारसे अवघड राहत नाही.