क्रूझ वेग का धरत नाही?

परळीच्या आसपास गाडीतलं क्रूझ कंट्रोल बंद पडलं, तरी महिनोन्‌महिने मालकाला पत्ता नसतो. अंबाजोगाईकडे जा नाहीतर गंगाखेडकडे, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे रखडताना ते बटण कोण दाबणार? उलगडा होतो तो जालन्याजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यावर. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. पाय अवघडला म्हणून माणूस बटण दाबतो, डॅशबोर्डवर चिन्ह उमटतं, पण पाय काढला की गाडी मंदावते. मग गावी परतल्यावर गॅरेजात तक्रार येते, ‘क्रूझ गेलं.’

बहुतेक वेळा क्रूझ गेलेलं नसतं. कुणीतरी त्याला ‘थांब’ म्हणून सांगत असतं आणि ते इमानानं थांबलेलं असतं.

ठरवलेला वेग आणि प्रत्यक्षातला वेग यांतली तफावत पाहायची, तेवढं इंधन कमीजास्त करायचं, एवढंच हे यंत्र करतं. परळीकरांना ही कल्पना नवी नाही. १९७१ पासून गावाशेजारी वीज तयार करणाऱ्या थर्मलमध्ये टर्बाइनचा गव्हर्नर हेच काम करत आला आहे. पन्नास हर्ट्‌झची वीज हवी तर टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर राहायला हवं. भार वाढून फेऱ्या घसरू लागल्या की गव्हर्नर वाफेची झडप उघडतो. जेम्स वॉटनं १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, तिथपर्यंत हे घराणं मागं जातं. मोटारीत ते आणलं अमेरिकेतल्या इंडियानाच्या राल्फ टीटर या अभियंत्यानं. लहानपणी अपघातात त्याची दृष्टी गेली होती. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करायचा, ऐकताना वाढवायचा. त्या हिसक्यांना वैतागून टीटर कामाला लागला, असं सांगतात. पेटंट १९५० मध्ये मिळालं, १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते यंत्र आलं.

थर्मलची आणखी एक आठवण इथं उपयोगाची आहे. २०१५ च्या दुष्काळात थर्मलला पाणी देणाऱ्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि संच बंद ठेवावे लागले. गव्हर्नर ठणठणीत होते. खोट बाहेर होती. क्रूझची तक्रार तपासताना हेच डोक्यात ठेवावं.

जुन्या गाड्यांत निर्वातावर चालणारा पडदा आणि त्याची केबल थ्रॉटल ओढायची. रबरी नळीला चीर गेली की खेळ संपला. आजच्या गाडीत थ्रॉटलच विजेवर चालतं, त्यामुळे क्रूझ असा वेगळा डबा नसतोच. इंजिनाच्या ईसीयूतला, म्हणजे नियंत्रक संगणकातला, तो एक प्रोग्रॅम असतो. ‘क्रूझचं मॉड्यूल बदलावं लागेल’ असं तपासणीआधीच कुणी सांगितलं, तर गाडी उचलून दुसरीकडे न्यावी.

पहिला संशयित ब्रेक पेडलवरचा स्विच. स्वस्त, प्लॅस्टिकचा, पायापाशी धुळीत बसलेला. त्यातून बहुतेक गाड्यांत दोन सर्किटं निघतात: एक मागचे दिवे लावतं, दुसरं ईसीयूला खबर देतं. दोघांची साक्ष जुळली नाही की ईसीयू क्रूझ नाकारतो, आणि ते योग्यच आहे. ब्रेक दाबलाय की नाही याची खात्री नसलेल्या यंत्रानं वेग धरू नये. कधी स्विच बरा असतो, पण त्याला दाबून ठेवणारी पेडलवरची रबरी गुंडी झिजून गळून पडलेली असते. मग ब्रेकचे दिवे सतत पेटलेले राहतात. चालकाला ते दिसत नाहीत, मागच्याला दिसतात. म्हणून रात्री गाडी भिंतीला पाठ करून उभी करा आणि कुणाला तरी मागं उभं करा. या तपासणीला पैसे पडत नाहीत.

नंतर स्कॅनर. पण त्यानं काढलेला एरर म्हणजे निकाल नव्हे. पी०५०४ हा कोड ब्रेक स्विचच्या दोन खबरा जुळत नाहीत, एवढंच सांगतो. कारण तुटलेली वायर असेल, कपलरमध्ये चढलेला गंज असेल किंवा स्विच स्वतः असेल. चांगला वायरमन कोड पुसण्याआधी लाइव्ह डेटा लावतो, हातानं पेडल हलवतो आणि पडद्यावर खबर कुठे अडखळते ते बघतो. मॅन्युअल गाडीत क्लचच्या स्विचचीही हीच परीक्षा.

हॉर्न वाजत नाही, स्टिअरिंगवरची बटणं मुकी आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला, असं सगळं एकदम झालं असेल तर स्टिअरिंगखालची गुंडाळलेली पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटली आहे. ते काम घरी करू नये. एअरबॅग उघडावी लागते. एबीएसचा दिवा पेटला असेल तर चाकांचे सेन्सर आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघाव्यात. पुढच्या गाडीशी अंतर राखणाऱ्या नव्या क्रूझला रडार लागतं. त्यावर चिखल बसला की यंत्रणा माघार घेते, आणि बंपर काढून बसवला असेल तर कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं. परळीत तो प्रकार अजून विरळा आहे, म्हणून त्याबद्दल इतकंच.

दुरुस्तीनंतर चाचणी मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर घ्यावी. वेग धरला की ब्रेक हलकेच दाबून क्रूझ लगेच सुटतं का, हे बघायचं. धरण्यापेक्षा सुटणं महत्त्वाचं.

समृद्धीवर क्रूझविना जाता येतं. ब्रेकच्या दिव्यांविना जाऊ नका. बटण चालत नसेल तर निघण्याआधी तो स्विच तेवढा तपासून घ्या.