उललेल्या टाचांची हयगय नको

निफाड भागात पारा उतरतो, त्याच दिवसांत उन्हाळ कांद्याची लागण जोरात असते. डिसेंबर-जानेवारीत बाया सकाळपासून गार चिखलात उभ्या. रात्रीची वीज असली की गव्हाला पाणी भरणारा गडीही अनवाणीच. मग टाचा उलतात. ‘थंडीत व्हायचंच’ म्हणून सगळे चालवून घेतात.

तळपायाला तेलग्रंथी नसतात. कोरड्या हवेने जाड कातडी ताठरते आणि अंगाच्या भाराने फाटते. भेगेत शेणमाती गेली तर धनुर्वाताची भीती.

उपाय घरचाच आहे. रात्री पाय १० मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, वज्रीने हलके घासावेत. टिपून ओलसर असतानाच कोकमतेल वितळवून किंवा व्हॅसलीन चोळावे, सुती मोजे घालावेत. ब्लेडने कातडी कापू नये. चिखलात गमबूट बरे.

मधुमेहात पाय बधिर होतात, जखम कळतही नाही. अशांनी पाय भिजत ठेवू नयेत, रोज तळवे पाहावेत. रक्त-पू दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे; धनुर्वाताची लस तिथे मिळते.

ग्रामपंचायत अधिकारी आणि आरोग्यसेविकेने लागणीच्या टोळ्यांची तपासणी बांधावरच ठेवली, तर कुणाची मजुरीही बुडायची नाही.