अभियांत्रिकीची शाखा : विशेष की व्यापक?

बारावीचे निकाल जाहीर झाले की वारासिवनी परिसरातील अनेक घरांत एक प्रश्न उपस्थित होतो. मुलाला वा मुलीला अभियंता करावयाचे हे ठरलेले असते; परंतु शाखा कोणती घ्यावी, याचा उलगडा होत नाही. एकीकडे स्थापत्य, यंत्र, विद्युत या व्यापक शाखा आणि दुसरीकडे खाणकाम, धातुशास्त्र, वस्त्रतंत्रज्ञान या विशेष शाखा. धानाच्या उत्पन्नावर भागत नाही म्हणून ज्या कुटुंबाला शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढावे लागते, त्याला ही निवड चुकणे परवडणारे नसते.

जिल्ह्यात जो उद्योग आहे त्याचीच पदवी घेतली म्हणजे घराजवळ नोकरी मिळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बालाघाट जिल्ह्यापुरते पाहता ती अर्धीच खरी ठरते. भरवेली, उकवा व तिरोडी येथे मँगनीजच्या खाणी असून भरवेलीची भूमिगत खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. मलाजखंड येथे तांब्याचा मोठा प्रकल्प १९८२ पासून आहे. अशा ठिकाणी खाणकाम-अभियंता लागतो हे उघडच आहे. परंतु खनिज व कामगार यांना वर-खाली नेणारी यंत्रे सुस्थितीत ठेवण्यास यंत्र-अभियंता, पाणी उपसणारे पंप व वीजपुरवठा यांकरिता विद्युत-अभियंता आणि रस्ते-इमारतींसाठी स्थापत्य-अभियंता हेही तेथे लागतातच.

मग खाणकामाची पदवी घ्यावी कशासाठी? तिचे खरे मोल कायद्यात आहे. खाणीचा व्यवस्थापक होण्यासाठी खाण सुरक्षा महानिदेशालयाचे सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक असते व त्या परीक्षेसाठी खाणकामाच्या पदवीधराला प्रत्यक्ष अनुभवाची अट इतरांपेक्षा कमी असते. यंत्र-अभियंत्याने त्याच खाणीत तीस वर्षे सेवा केली तरी केवळ सेवाकालाच्या बळावर तो व्यवस्थापक होत नाही. येथे विशेष पदवी दुसऱ्या कशानेही न भरून निघणारी अशी आहे. मुलींच्या पालकांनी हेही ध्यानात घ्यावे की, भूमिगत खाणीत स्त्रियांना काम करण्यास केंद्र शासनाने २०१९ मध्ये काही अटींवर परवानगी दिली आहे.

खाणीबाहेर मात्र चित्र पालटते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा स्थापत्य, यंत्र, विद्युत आणि अणुविद्युत व दूरसंचार या चारच विषयांत होते. खाणकामाच्या पदवीधराला ती द्यावयाची असल्यास यांपैकी एखादा विषय जवळजवळ नव्याने शिकावा लागतो. याउलट, यंत्र-अभियंत्याला शेवटच्या वर्षांतील ऐच्छिक विषयांतून अथवा पुढे पदव्युत्तर शिक्षणातून एखाद्या विशेष क्षेत्रात शिरता येते. व्यापकाकडून विशेषाकडे जाणे सोपे असते, उलट प्रवास कठीण. रायपूर येथे १९५६ मध्ये शासकीय खाण व धातुशास्त्र महाविद्यालय सुरू झाले तेव्हा या दोन विशेष शाखा त्याच्या नावातच होत्या. पुढे तेथे इतर शाखा आल्या, नाव बदलले आणि २००५ मध्ये ते राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाले. संस्थेला असे विस्तारण्यास काही दशके मिळाली. पदवीधराला तेवढी सवड नसते.

वारासिवनीच्या विणकर कुटुंबांचा प्रश्न थोडा निराळा आहे. येथील हातमागाच्या साडीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मुलाने वस्त्रतंत्रज्ञान शिकावे असे वडिलांना वाटणे साहजिक आहे. तथापि त्या पदवीत प्रामुख्याने सूतगिरणीची यंत्रे, कृत्रिम धागे आणि रंगाईचे रसायनशास्त्र शिकविले जाते. नोकऱ्याही सुरत, इचलकरंजी, कोईमतूर अशा ठिकाणी असतात. घरच्या मागालाच पुढे न्यावयाचे असेल तर हातमाग तंत्रज्ञानाची तीन वर्षांची पदविका अधिक उपयोगी व कमी खर्चाची होय. छत्तीसगडमधील चांपा येथे त्यासाठी स्वतंत्र संस्था आहे. गिरणीत जाण्याची तयारी व आवड असल्यास मात्र वस्त्रतंत्रज्ञानाची पदवी अवश्य घ्यावी.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ता, यंत्रमानवशास्त्र अशा आकर्षक नावांच्या पदव्या निघाल्या आहेत. नावावर न भुलता त्यांचा अभ्यासक्रम मागवून तो संगणक वा यंत्र शाखेच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवून पाहावा. बहुतेक विषय समान आढळल्यास मूळ नावाची पदवी घेणेच बरे, कारण शासकीय जाहिरातींत शाखेचे नाव पाहिले जाते आणि समकक्षता सिद्ध करण्याचा खटाटोप उमेदवाराच्या माथी येतो. शाळेतील विज्ञान शिक्षकांनी ही तुलना करून दाखविली तर पालकांवर मोठे उपकार होतील.

ज्यांनी खाणकामच निश्चित केले आहे त्यांना एक गोष्ट अकरावीपूर्वीच ठाऊक असावी. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा स्वराज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात व स्वराज्य कोणते, हे बारावी ज्या राज्यातून उत्तीर्ण केली त्यावरून ठरते, निवासावरून नव्हे. मध्य प्रदेशातील अशी संस्था भोपाळला आहे, पण तेथे खाणकाम शाखा नाही. ती नागपूर व रायपूर येथे आहे. म्हणून वारासिवनीहून बारावी झालेल्याला तेथे परराज्याच्या जागांसाठी स्पर्धा करावी लागते. गोंदियाच्या महाविद्यालयातून बारावी झालेला त्याच गावचा विद्यार्थी नागपूरला स्वराज्यातील गणला जातो. मात्र भोपाळच्या संस्थेतील स्वराज्याच्या जागांवरील त्याचा हक्क त्याच वेळी संपतो.