बारा तासांची पाळी

छत्रपति संभाजीनगराजवळील वाळूज व शेंद्रा येथील कारखान्यांत आमच्या पुष्कळ वाचकांचे मुलगे कामास जातात, म्हणून हा विषय येथें घेतला आहे.

ता. ३ सप्टेंबर २०२५ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें कारखान्यांतील कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढविण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली. तिमाहींतील जादा काम ११५ वरून १४४ तासांपर्यंत, तेंही कामगाराच्या लेखी संमतीनें व दुप्पट वेतनानें. आठवड्याचे ४८ तास कायम ठेवले.

कारखानदारांचें म्हणणें असें कीं, मालाची मागणी वाढली किंवा माणसें अपुरीं पडलीं तरी काम थांबूं नये. सरकारनेंही हेंच कारण दिलें. सुगींत आपण तरी घड्याळ कोठें पाहतों? कामगार संघटनांनीं मात्र विरोध केला. पोट पगारावर असतां संमति नाकारणार कोण, ही शंका आम्हांसही खरी वाटते.

बारा तासांचे चार दिवस म्हणजे ४८; उरलेले तीन दिवस शेतास मिळत असतील तर आमची तक्रार नाहीं. पांचवा दिवस जादा म्हणून भरला कीं ६० तास झाले, आणि सायंकाळीं कपाशीस पाणी देणारा हात गेला. संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वीं मुलानें दिवस किती, हें आधीं विचारून घ्यावें.