बॅटरीवरची करवत, गैरसमज आणि दहा बोटं

मीरा रोडच्या शांतीनगरात किंवा भाईंदरच्या एखाद्या जुन्या सोसायटीत फर्निचरचं काम निघालं की पहिली अडचण लिफ्टपाशी येते. प्लायवूडची शीट आठ फूट बाय चार फूट, ती लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याच्या वळणावर भिंतीचा रंग खरवडला तर सेक्रेटरी कुरकुर करतात. मग वॉचमनला गोडीत घेऊन मिस्त्री शीट पार्किंगमध्येच आडवी टाकतो आणि कापून तुकडे वर नेतो. तिथे प्लग पॉइंट नसतो. म्हणूनच बॅटरीवरची गोल करवत, म्हणजे कॉर्डलेस सर्क्युलर सॉ, आता मिस्त्रींच्या थैलीत दिसू लागली आहे. शिवाय सेलमध्ये ऑनलाइन मागवून रविवारी गॅलरीत शेल्फ बनवायला बसणारे हौशी लोकही आहेतच. मशीनसोबत खोक्यात एक पुस्तिका येते. ती कोणी उघडत नाही. तिच्या जागी ऐकीव गोष्टी चालतात, आणि त्यातल्या काही बोटावर बेततात.

"बॅटरीवर चालतं, म्हणजे ताकद ती किती असणार?"

या एका समजुतीतून बाकीच्या बऱ्याच निघतात. नेहमीच्या १८ व्होल्टच्या मशीनचं पातं १६५ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि चांगल्या मशीनमध्ये ते मिनिटाला ५,००० फेऱ्यांपर्यंत फिरतं. हिशेब केला तर पात्याच्या कडेवरचा दाता सेकंदाला ४३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५५ किलोमीटर वेगाने धावत असतो. विरार फास्ट पूर्ण भरात असली तरी इतकी पळत नाही. १८ मिलिमीटरच्या प्लायला जे पातं अडखळत नाही, ते बोटाच्या हाडाला अडखळणार नाही.

दुकानात आणखी एक घोळ असतो. '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं मशीन '१८ व्होल्ट'वाल्यापेक्षा जोरदार, असं सांगून विकलं जातं. दोन्हींच्या बॅटरीत लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. नेहमीचा दाब प्रत्येकी ३.६ व्होल्ट धरला तर बेरीज १८ होते. नुकतीच पूर्ण चार्ज केलेली बॅटरी मोजली तर ती २० च्या आसपास भरते. फरक फक्त लेबलाचा आहे.

"वायरच नाही, मग शॉक कसला?"

जुना फ्लॅट नव्याने करताना भिंतीला ठोकलेलं पॅनेलिंग किंवा टीव्ही युनिट जागेवरच कापायची वेळ येते. त्यामागून कोणत्या काळात कोणी कुठून वायर नेली आहे, हे घरमालकालाही ठाऊक नसतं. पातं जिवंत वायरीला लागलं तर मशीनच्या उघड्या धातूच्या भागांत वीज उतरते. करवत बॅटरीवरची असली म्हणून भिंतीतली वीज बॅटरीची होत नाही. अशा कामाआधी त्या खोलीचा एमसीबी खाली करायचा आणि मशीन फक्त रबरी मुठींवरच धरायचं.

वायर नसल्याचा दुसरा धोका जास्त फसवा आहे. वायरचं मशीन बंद असल्याची खूण डोळ्यांना दिसते, कारण प्लग काढलेला असतो. बॅटरीचं मशीन जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात ठेवलं तरी ते तयारच असतं. घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर ते नेमकं तिथेच जातं. चालू करायला ट्रिगरसोबत एक लॉकचं बटण दाबावं लागतं हे खरं, पण तेवढ्यावर भरवसा ठेवून चालत नाही. हातातून मशीन खाली ठेवलं की बॅटरी बाहेर. पातं बदलताना तर आधी बॅटरी, मग पाना.

"मशीन उलटं मारतं, ते हात कच्चा असल्यामुळे"

हा गैरसमज नीट समजून घ्यायला हवा, कारण मोठ्या जखमा बहुतेक इथून होतात. मशीन अचानक उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येतं, याला सगळे 'झटका' म्हणतात आणि दोष हाताला देतात. हात पक्का असलाच पाहिजे, पण झटक्याचं मूळ हातात नाही. ते शीट कशी टेकवली आहे यात आहे.

पार्किंगमधलंच नेहमीचं दृश्य घ्या. दोन प्लास्टिकची स्टुलं, एक या टोकाला, एक त्या टोकाला, वर शीट. मिस्त्री मधून कापायला सुरुवात करतो. पहिले दोन-तीन फूट लोण्यासारखे जातात. जसजसा काप पुढे सरकतो तसतशी शीट मधोमध खाली झुकते, कापलेली फट वरच्या बाजूने मिटत येते आणि पातं चिमटीत सापडतं. या करवतीचं पातं पुढच्या बाजूला खालून वर कापत येतं आणि मागचे दाते वरून खाली जातात; ते फटीच्या मागच्या कडेत अडकून मशीनलाच उचलू पाहतात. लाकूड हलत नाही, म्हणून मशीन हलतं. ते फटीतून वर येतं आणि मागे, कापणाऱ्याच्या मांडीकडे धावतं. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. वीस वर्षांचा अनुभव असलेला हातही तितक्या वेळात काही करू शकत नाही.

उपाय फुकटातला आहे. शीट दोन टोकांवर न ठेवता खाली सगळीकडून आधार द्यायचा. जमिनीवर थर्माकोलची जाड शीट पसरून त्यावर प्लाय टाकला तर दोन्ही तुकडे शेवटपर्यंत जागच्या जागी राहतात, फट मिटत नाही आणि पातं थर्माकोलमध्ये थोडंसं उतरलं तरी काही बिघडत नाही. स्टुलंच वापरायची तर चार हवीत, कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. ज्या बाजूचा तुकडा सुटून पडणार आहे त्याला मोकळं खाली जाऊ द्यायचं. मदतनिसाने प्रेमाने तो वर उचलून धरला की फट हमखास आवळते.

दुसरी गोष्ट खोलीची. या मशीनचं पातं पूर्ण उतरवलं तर साधारण ५५ मिलिमीटर खोल जातं. प्लाय असतो १८ चा. म्हणजे सेटिंग न बदलता कापायला घेतलं तर सदतीस मिलिमीटर पातं शीटच्या खाली उघडं फिरत राहतं, आणि नेमकं तिथे शीट सावरणाऱ्या मदतनिसाचा हात असतो. दाते लाकडाखाली एक दातभर, फार तर चार-पाच मिलिमीटर दिसले की पुरे. खोलीचा स्क्रू ढिला करून पुन्हा आवळायला अर्धं मिनिट लागतं.

पातं मध्येच अडकलंच, तर चालू मशीन मागे ओढायचं नाही. ट्रिगर सोडायचा, मशीन तिथेच धरून ठेवायचं, पातं पूर्ण थांबलं की मग उचलायचं. आणि कापाच्या रेषेच्या थेट मागे उभं न राहता थोडं बाजूला. झटका आलाच तर तो त्या रेषेतूनच येतो.

पातं खालून वर कापतं याचा एक फायदाही आहे: लाकूड वरच्या बाजूला जास्त तुटतं, म्हणून सनमायकाची चांगली बाजू खाली ठेवून कापायची. हे बऱ्याच मिस्त्रींना ठाऊक असतं. पण ज्या कारणाने सनमायका वर उडते, त्याच कारणाने मशीनही वर उडतं, हे क्वचितच कोणी सांगतं.

"गार्ड मध्ये मध्ये येतो, बांधून ठेवला की काम झपाट्याने होतं"

खालचा गार्ड स्प्रिंगवर असतो. लाकडाला लागला की मागे सरकतो, काप संपला की आपोआप पात्यावर येतो. भुसा आणि फेविकॉल बसून तो जड झाला की कोणीतरी त्याला तारेने बांधतं किंवा प्लायची चकती खोचतं. मग काप संपल्यावर मशीन मांडीवर टेकवलं की फिरतं पातं थेट पँटीवर. काही मशीनना ट्रिगर सोडताच पातं थांबवणारा ब्रेक असतो, काहींना नसतो, आणि ब्रेकलाही थोडा वेळ लागतोच. गार्ड अडकत असेल तर बॅटरी काढून तो साफ करा. तिरका काप सुरू करताना त्याची दांडी हाताने क्षणभर उचलावी लागते, ती चालते. बांधून ठेवणं चालत नाही.

मशीन तीनेक किलोचं, म्हणून एका हाताने चालवून दुसऱ्याने शीट दाबायचा मोहही होतो. शीटला क्लॅम्प लावा. दोन्ही हात मशीनवर असले तर पात्याखाली जायला हातच उरत नाही.

"मार्बल कटरला लाकडाचं पातं लावलं की झाली सर्क्युलर सॉ"

माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात महागडा गैरसमज हाच. चार इंची मार्बल कटर प्रत्येक साइटवर असतो, स्वस्त असतो, आणि त्यात कार्बाइडच्या दात्यांचं लाकडाचं पातं बसतंही. म्हणून त्यानेच प्लाय कापला जातो. कॉर्डलेस सर्क्युलर सॉला घाबरणारे लोक याला घाबरत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

मार्बल कटर दगड घासायला बनवलेला आहे. त्याची डायमंड चकती दातेरी नसते, ती पकडत नाही, झिजवते. वेग मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या घरात. ११० मिलिमीटरच्या पात्यावर याचा अर्थ कडेचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर, करवतीच्या दीडपटीहून जास्त. आणि आपोआप मिटणारा खालचा गार्ड त्याला नसतोच. म्हणजे वेग जास्त, दाते लाकूड पकडणारे, झाकण नाही. त्यात पात्यावर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी असेल तर कार्बाइडचा दाता सुटून गोळीसारखा येऊ शकतो. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावण्याची गोष्ट तर बोलायलाच नको.

मिस्त्रीला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "बीस साल से यही चला रहे हैं साहब, कुछ नहीं होता." वीस वर्षं काही झालं नाही हे त्याच्या कौशल्याचं श्रेय आहे, मशीनचं नाही.

"हातमोजे घातले की हात सुरक्षित"

उलट. सैल सुती हातमोज्याचा धागा पात्यात गेला की हात मागोमाग जातो. शीट वाहताना मोजे घाला, कापताना काढा. तेच लांब बाह्यांचं, गळ्यातल्या गमछ्याचं आणि मनगटावरच्या दोऱ्यांचं. डोळ्यांवर मात्र चष्मा हवाच, आणि तो नंबरचा नव्हे, बाजू झाकणारा.

तोंडाला रुमाल बांधणं ही सवय चांगली, उपयोग थोडा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. एमडीएफ आणि प्लाय जोडणाऱ्या रेझिनमधलं फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात आहे. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून खिडक्या बंद करून कापणारा मिस्त्री ही बारीक धूळ दिवसभर ओढतो. एन-९५ मास्क कोविडच्या दिवसांत घराघरात आला होता, तोच इथे लागतो. आवाजाचंही तसंच. ८५ डेसिबल आठ तास सोसायची मर्यादा मानली तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला उरतो एक तास. कानात घालायचे बोळे काही रुपयांत मिळतात.

जुनं, बोथट पातं "कमी कापतं म्हणून कमी धोक्याचं" असंही ऐकायला मिळतं. बोथट पातं ढकलावं लागतं, लाकूड जाळतं आणि जास्त वेळा अडकतं. धूर यायला लागला की पातं बदला.

"तुटलेलं बोट बर्फात ठेवा, जखमेत हळद भरा"

दोन्ही चूक. हळद, कॉफी पावडर, चुना यांनी सर्जनचं काम वाढतं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरायचा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळायचा, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत तिचं तोंड बांधून ठेवायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. बर्फ थेट कातडीला लागला तर पेशी गोठून मरतात. दुधात किंवा मिठाच्या पाण्यातही बुडवायचं नाही.

बोट पुन्हा जोडणं हे आता नवल राहिलेलं नाही. जपानमधल्या नारा इथे कोमात्सु आणि तामाई या सर्जननी पूर्ण तुटलेला अंगठा १९६५ मध्येच जोडला होता. भाईंदर पश्चिमेच्या भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात किंवा जवळच्या कुठल्याही दवाखान्यात रक्त थांबवून घ्या, पण त्याच वेळी हे जोडणारा प्लास्टिक सर्जन कुठे हजर आहे ते फोनवर विचारा. परळचं केईएम आणि सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय इथे तो विभाग आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८.

"हे सगळं मिस्त्रीने बघायचं, आपण पैसे दिले"

काम आपल्या घरात चालतं आणि घाई बहुधा आपणच लावलेली असते. सुतारांना केंद्र सरकारच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच्या मदतीची तरतूद आहे. तुमच्या मिस्त्रीने नाव नोंदवलं आहे का, विचारून बघा. आणि पुढच्या वेळी कोटेशन हातात आलं की बिजागऱ्या आणि हँडलच्या ओळींखाली आणखी एक ओळ स्वतः लिहा: थर्माकोलच्या दोन शीट, चार क्लॅम्प, चष्मा, मास्क, लाकडासाठीचं नवं पातं. प्लाय मार्बल कटरने कापायचा नाही, हेही तिथेच लिहून त्याची सही घ्या आणि त्या ओळीचे पैसे तुम्ही द्या.